लोकस्तुतीचा मोह

(अंत्युखियांतील दोन उपदेशकांच्या चरित्रांवरून एक धडा)

मनुष्याच्या मनाला जे अनेक लोभ जडतात त्यांत द्रव्यलोभ सर्वांच्या नजरेस लवकर येतो. एखादा धर्मोपदेशक पैशाच्या मागें लागला तर चार दिवसांत गांवभर त्याची चर्चा होते व मंडळीही सावध होते. लोकांच्या स्तुतीचा लोभ तसा नाहीं. तो चोरपावलांनीं येतो, येतांना धर्माचींच वस्त्रें पांघरून येतो, आणि ज्याच्या घरांत तो शिरतो त्यालाच तो बहुधा सर्वांच्या शेवटीं दिसतो. लोकांना देवाकडे नेणें हें ज्याचें काम, त्यालाच लोकांनीं आपणांकडे पाहत राहावें असें वाटूं लागतें. आणि ही वासना इतकी सूक्ष्म असते कीं, आपण देवाची सेवा करीत आहों कीं आपल्या कीर्तीची, हें त्याचें त्यालाही उमगत नाहीं. आपल्या शाळेंतील विद्यार्थ्यांपैकीं कांहीं पुढें उपदेशक, पाळक, शिक्षक किंवा समाजाचे पुढारी होतील, आणि बाकीचे सर्वजण अशा पुढाऱ्यांचीं भाषणें ऐकणारे होतील. बोलणारा व ऐकणारा या दोघांनाही या मोहाचें स्वरूप ठाऊक असावें, म्हणून हा धडा लिहिला आहे.

प्रभूचा इशारा

प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत दानधर्म, प्रार्थना व उपास या तीन गोष्टींविषयीं एकाच प्रकारचा इशारा दिला आहे, तो मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायांत वाचावयास सांपडतो. हीं तिन्ही कृत्यें चांगलीं आहेत. त्यांपैकीं एकही सोडून द्या असें प्रभूनें सांगितलें नाहीं. दोष आहे तो नजरेंत. हात भिकाऱ्यापुढें आहे, पण डोळा रस्त्यावरील लोकांकडे आहे. ओठ देवाशीं बोलत आहेत, पण कान शेजाऱ्याच्या वाहवेकडे लागले आहेत. अशा मनुष्याला त्याची मजुरी मिळून चुकली आहे, असें प्रभु म्हणतो. येथें मूळ ग्रीक भाषेंत जें क्रियापद आहे तें त्या काळीं पैसे पूर्ण पोंचल्याच्या पावत्यांवर लिहीत असत. म्हणजे हिशेब चुकता झाला, पावती फाटली, आतां देवाकडून येणें असें कांहीं उरलें नाहीं. लोकांकडून मागितलेली मजुरी लोकांनीं दिली, इतकाच त्या व्यवहाराचा शेवट.

खुद्द प्रभूलाही या वाटेनें मोह घालण्याचा प्रयत्न झाला. देवालयाच्या शिखरावरून खालीं उडी टाक, असें सैतानानें त्याला सुचविलें. सर्व नगराच्या देखत असा चमत्कार झाला असता तर यरुशलेम एका क्षणांत पायांशीं आलें असतें, असा या परीक्षेचा अर्थ पुष्कळ टीकाकारांनीं केला आहे. प्रभूनें ती वाट नाकारली, व गालीलांतील खेडींपाडीं पायीं फिरण्याची वाट धरली.

धर्मसेवकालाच हा मोह अधिक कां?

सुतारानें टेबल केलें तर तें डगमगतें कीं स्थिर उभें राहतें हें लगेच कळतें. शेतकऱ्याचें काम खळ्यावर मोजलें जातें. परंतु उपदेशकाचें काम मनुष्याच्या अंतःकरणांत चालतें, व तेथील पीक कापणीस येण्याला कधीं कधीं एक पिढी लागते. आपल्या श्रमांचें कांहीं फळ होत आहे काय, हें जाणण्याची इच्छा स्वाभाविक आहे. तें फळ दिसत नसतां श्रोत्यांचें मान डोलावणें, त्यांच्या डोळ्यांतील पाणी, उपासनेनंतरचे त्यांचे गोड शब्द, हीं मात्र ताबडतोब दिसतात. म्हणून तो हळूहळू पिकाच्या ऐवजीं वाहवाच मोजूं लागतो.

दुसरें कारण असें कीं, वैद्याला किंवा वकिलाला मान मिळतो तो त्यानें कांहीं करून दाखविल्यावर. धर्मसेवकाला मात्र अंगावर झगा चढतांच मान मिळतो. न कमावलेला मान टिकवावयाचा म्हणजे दिखाव्याची गरज भासूं लागते. आणि तिसरें कारण त्याच्या भाकरीचें आहे. मंडळी प्रसन्न असेल तर त्याचें ठीक चालतें, ती रुष्ट झाली तर त्याचें कुटुंब अडचणींत येतें. अशा वेळीं काय बोलावें यापेक्षां काय बोलूं नये याचा विचार मनांत आधीं येतो.

या मोहापुढें मनुष्य कसा पडतो व त्याच्याशीं कसा झगडतो, हें पाहण्यासाठीं आपण एकाच शहरांतील दोन पुरुषांकडे वळूं. तें शहर अंत्युखिया. ओरोंतीस नदीच्या कांठीं वसलेलें हें सूरिया देशांतील मोठें नगर रोमी साम्राज्यांतील प्रमुख शहरांपैकीं एक होतें. तुर्कस्तानांतील अंताक्या हें गांव त्याच जागीं आहे. प्रेषितांच्या कृत्यांत सांगितल्याप्रमाणें शिष्यांना ख्रिस्ती हें नांव पहिल्यानें याच शहरांत मिळालें. ज्या मंडळीचा मान इतका मोठा, तिच्या पुढाऱ्याला मोहही तितकाच मोठा असावयाचा.

समोसाटचा पौल

इ. स. २६० च्या सुमारास समोसाट गांवचा पौल नांवाचा एक पुरुष अंत्युखियाचा बिशप झाला. (प्रेषित पौल तो वेगळा.) इ. स. २६८ च्या सुमारास आसपासच्या प्रांतांतील बिशपांनीं सभा भरवून त्याला पदच्युत केलें. त्याचें मुख्य कारण ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयींची त्याची शिकवण हें होतें. परंतु त्या सभेनें इतर मंडळ्यांना जें पत्र धाडलें त्यांत त्याच्या वागणुकीचेंही वर्णन आहे, व युसेबिअस नांवाच्या इतिहासकारानें तें आपल्या ग्रंथाच्या ७ व्या भागांत जपून ठेविलें आहे.

पत्रांत म्हटलें आहे कीं, हा बिशप सरकारी अंमलदाराच्या हुद्द्यानें ओळखला जाण्यांत भूषण मानी. चौकांतून जातांना पुढें मागें माणसांचा ताफा असे, आणि चालतां चालतां तो पत्रें वाची व उत्तरें सांगे, अशासाठीं कीं आपण किती कामांत आहों हें सर्वांनीं पाहावें. उपासनामंदिरांत त्यानें स्वतःसाठीं उंच व्यासपीठ व सिंहासन करविलें होतें. उपदेश करतांना तो मांडीवर थाप मारी, पाय आपटी. आणि जे श्रोते नाटकगृहांतल्याप्रमाणें टाळ्या वाजवीत नसत, हातरुमाल उडवीत नसत, ओरडून शाबासकी देत नसत, देवाच्या घरांत शोभेल असे शांतपणें ऐकत बसत, त्यांच्यावर तो रागावे. पूर्वीच्या मृत शिक्षकांची निंदा करून तो स्वतःची थोरवी गाई. इतकेंच नव्हे, तर ख्रिस्ताचीं स्तोत्रें बंद करून पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशीं मंदिराच्या मध्यभागीं बायकांकडून आपल्याच स्तुतीचीं गीतें गाववीत असे, असा आरोप त्या पत्रांत आहे.

हें वर्णन त्याच्या विरोधकांनीं लिहिलें आहे, ही गोष्ट न्यायानें ध्यानांत ठेविली पाहिजे. प्रतिपक्षाच्या लेखणीला धार अधिक असते. तथापि त्यांतील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. टाळ्या न वाजविणाऱ्यावर उपदेशक रागावतो, याचा अर्थ असा कीं स्तुति ही आतां त्याची गरज झाली आहे. जी देणगी होती ती कर झाली. पदच्युत झाल्यावरही त्यानें मंडळीचें घर सोडलें नाहीं. शेवटीं तो वाद ऑरेलियन बादशहाकडे गेला, व इ. स. २७२ च्या सुमारास बादशहाच्या निकालानें त्याला तेथून निघावें लागलें. बादशहा ख्रिस्ती नव्हता. देवाच्या घराचा वाद त्याच्यापुढें न्यावा लागला, ही त्या मंडळीला केवढी नामुष्की!

सुवर्णमुखी योहान

यानंतर सुमारें ८० वर्षांनीं, इ. स. ३४७ च्या आसपास, त्याच अंत्युखियांत योहान नांवाचा एक मुलगा जन्मला. त्याची आई अँथूसा ही विसाव्या वर्षाच्या सुमारास विधवा झाली. तिनें पुन्हा लग्न न करितां मुलाला वाढविलें व उत्तम शिक्षण दिलें. त्या काळचा नामांकित वक्ता लिबानिअस हा त्याचा गुरु होता असें सांगतात. हा गुरु ख्रिस्ती नव्हता. ख्रिस्ती लोकांनीं योहानाला चोरून नेलें नसतें तर माझी गादी मीं त्यालाच दिली असती, असे उद्गार त्यानें मरणसमयीं काढल्याची आख्यायिका आहे. इ. स. ३८६ मध्यें योहानाला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. त्याच्या वाणीच्या गोडीमुळें पुढील काळांत लोक त्याला ख्रिसोस्तोम, म्हणजे सुवर्णमुखी, असें म्हणूं लागले.

त्याचा उपदेश ऐकण्यास इतकी गर्दी होई कीं, दाटींत कमरेच्या पिशव्या कापणारे चोर शिरूं लागले, व त्यांच्यापासून जपण्याची सूचना त्याला उपदेशांतच द्यावी लागली. टाळ्यांचा तर कडकडाट होई. परंतु या गर्दीविषयीं त्याची एक कडू तक्रार होती. उपदेश चालला असतां मंदिर भरलेलें असे. तो संपून प्रभुभोजनाचा विधि सुरू होण्याची वेळ आली कीं, श्रोते उठून चालते होत. लोक प्रभूसाठीं येत नाहींत, माझ्या वाणीसाठीं येतात, हें त्याला दिसलें, आणि या गोष्टीनें त्याला आनंद न होतां दुःख झालें. समोसाटच्या पौलाला जें पाहिजे होतें तें योहानाला न मागतां मिळालें. आणि मिळाल्यावर त्याला त्याची भीति वाटली.

ही भीति त्यानें पुस्तकांत मांडली आहे. धर्मसेवकाच्या पदाविषयीं त्यानें इ. स. ३९० च्या सुमारास बासिल नांवाच्या मित्राशीं झालेल्या संवादाच्या रूपानें एक ग्रंथ लिहिला. त्याच्या ५ व्या भागांत तो सांगतो कीं, उपदेशकाच्या ठायीं दोन गुण एकत्र पाहिजेत : स्तुतीविषयीं बेपर्वाई आणि बोलण्याचें सामर्थ्य. एक असून दुसरा नसेल तर पहिलाही फुकट जातो. स्तुतीची पर्वा नाहीं, पण शिकविण्याचें सामर्थ्यही नाहीं, असा मनुष्य लोकांच्या तिरस्कारास पात्र होतो, व त्याच्या शब्दांचा कोणास उपयोग होत नाहीं. सामर्थ्य आहे, पण स्तुतीची चटक लागली आहे, असा मनुष्य लोकांच्या हिताचें सोडून त्यांना रुचेल तें बोलूं लागतो.

तो पुढें म्हणतो कीं, श्रोते शिष्यासारखे न येतां आखाड्यांतील प्रेक्षकांसारखे येतात. कोणी या वक्त्याचा पक्ष घेतो, कोणी त्याचा. म्हणून उपदेशकानें त्यांच्याकडे बाप लहानग्या मुलांकडे पाहतो तसें पाहावें. तान्हें मूल हंसलें म्हणून बाप फुगत नाहीं, व त्यानें चापट मारली म्हणून रागावत नाहीं. पण म्हणून त्याचें मुलावरचें प्रेम कमी असतें असें नाहीं. आणखी एक बारकावा त्यानें सांगितला आहे. खोटी निंदा झाली तर तिला भिऊं नये, परंतु तिकडे अगदींच दुर्लक्षही करूं नये. शांतपणें ती दूर करावी, कारण उपदेशकाच्या नांवाला लागलेल्या डागानें मंडळीचें नुकसान होतें. यावरून दिसून येईल कीं, लोकांना तुच्छ मानणें ही त्याची शिकवण नव्हती.

संकटाच्या दिवसांतील टाळ्या

इ. स. ३८७ च्या आरंभीं अंत्युखियांत एक भयंकर प्रसंग ओढवला. नवीन कराच्या हुकुमामुळें लोक खवळले, व दंगेखोरांनीं बादशहा थिओडोसिअस व त्याच्या कुटुंबांतील माणसांचे पुतळे पाडून रस्त्यांतून ओढले. हा राजद्रोह होता. राग ओसरतांच शहरावर मृत्यूची छाया पडली. धरपकड झाली, कित्येकांना देहान्त शिक्षा झाली. वृद्ध बिशप फ्लेव्हिअन क्षमा मागण्यासाठीं शेंकडों मैल दूर राजधानीस निघाला, आणि भेदरलेल्या लोकांना धीर देण्याचें काम योहानावर येऊन पडलें. त्या उपवासाच्या दिवसांत त्यानें केलेले उपदेश पुतळ्यांविषयींचे उपदेश या नांवानें प्रसिद्ध आहेत.

नवल असें कीं, मरणाच्या भीतीनें कांपणारे हे लोकही एखादें वाक्य सुंदर साधलें कीं टाळ्या वाजवीत! तेव्हां त्यानें त्यांना थांबवून स्पष्ट सांगितलें कीं, या गलबल्याचा मला कांहीं उपयोग नाहीं. सांगितलेलें तुम्हीं आचरणांत आणिलें तर तीच माझी स्तुति. देवाचें घर हें करमणुकीसाठीं ऐकण्याचें नाटकगृह नव्हे. अखेर पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास बादशहाची क्षमा आल्याची वार्ता आली.

पुढें इ. स. ३९८ मध्यें योहानाला साम्राज्याच्या राजधानींत, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल येथें, बिशप नेमण्यांत आलें. तेथें प्रेषितांच्या कृत्यांवर प्रवचनें करतांना ३० व्या प्रवचनांत त्यानें आपलें मन उघडें करून दाखविलें आहे. लोक टाळ्या वाजवितात तेव्हां मनुष्यस्वभावानुसार मलाही क्षणभर आनंद होतो, हें त्यानें लपविलें नाहीं. पण घरीं गेल्यावर विचार येतो कीं, ज्यांनीं टाळ्या वाजविल्या त्यांच्या हातीं कांहींच लागलें नाहीं. जें लागावयाचें तें टाळ्यांच्या आवाजांतच विरून गेलें. आणि मग आपण व्यर्थ बोललों असें वाटून मन खिन्न होतें. म्हणून टाळ्या वाजविण्याची मनाई करावी असें अनेकदां माझ्या मनांत आलें, असें तो म्हणाला, व तोच नियम तो श्रोत्यांपुढें मांडूं लागला. त्यावर काय झालें? श्रोत्यांनीं त्या बोलण्यालाही टाळ्या वाजविल्या! याच गोष्टीविरुद्ध मी नियम करीत आहें आणि तेवढें ऐकून घेण्याचाही धीर तुम्हांस नाहीं काय, असें त्याला विचारावें लागलें.

हा प्रसंग वाचून हंसू येतें, पण त्यांत एक गंभीर गोष्ट आहे. उपदेशकाला बिघडविण्यास श्रोते पुरेसे असतात. कीर्तीच्या मागें न लागणाऱ्या मनुष्यालाही ते ती बळेंच पाजतात.

खरी कसोटी

टाळ्या नकोत असें म्हणणें सोपें आहे. लोकांचा रोष पत्करावा लागतो तेव्हां मात्र मनुष्याची कसोटी लागते. इ. स. ३९९ मध्यें योहानावर ती वेळ आली. बादशहा आर्केडिअस याच्या दरबारांतील सर्वांत बलाढ्य अधिकारी युट्रोपिअस याची मर्जी एका दिवसांत फिरली. योहानाला राजधानींत आणण्यांत याच युट्रोपिअसाचा पुढाकार होता. परंतु संकटांत सांपडलेल्या मनुष्याला मंदिरांत आश्रय घेण्याचा जो हक्क होता, तो हक्कही त्यानेंच कमी केला होता. आतां सैनिक व नगरवासी त्याच्या रक्ताचे तहानेले झाले, आणि तो धांवत येऊन त्याच मंदिराच्या वेदीला मिठी मारून बसला.

त्याला बाहेर लोटलें असतें तर साऱ्या शहरानें योहानाचा जयजयकार केला असता. योहानानें तसें केलें नाहीं. भरलेल्या मंदिरांत त्यानें त्या दीन पुरुषाकडे बोट दाखवून मानवी वैभवाच्या क्षणभंगुरतेवर उपदेश केला : कालपर्यंत घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांत तुझ्या नांवानें होणारा गजर कोठें गेला? तुझे भाट, तुझ्या पंक्तीला बसणारे मित्र कोठें आहेत? आणि मग श्रोत्यांना त्यानें विनविलें कीं, या मनुष्याचे अपराध विसरून बादशहाजवळ त्याच्या प्राणांची भीक मागा. पडलेल्या मनुष्याला असे बोल लावावयास नको होते, असें कांहीं लोकांना वाटलें. परंतु इतकें निश्चित कीं, त्या दिवशीं गर्दीला जें पाहिजे होतें तें त्यानें गर्दीला दिलें नाहीं.

पुढील वर्षें कठीण गेलीं. बिशपाच्या वाड्यांतील खर्च तोडून त्यानें तो पैसा आजाऱ्यांकडे वळविला. मेजवान्या बंद केल्या व एकट्यानें साधें जेवण घेण्याचा क्रम ठेविला. श्रीमंतांची चैन व दरबारांतील थाट यांविरुद्ध तो निर्भयपणें बोलला. त्याचे शत्रु वाढले. त्याच्या स्वभावांत कडकपणा होता व माणसें सांभाळून घेण्याची हातोटी कमी होती, हेंही इतिहास सांगतो. लोकस्तुतीची बेपर्वाई कधीं कधीं लोकांच्या भावनांच्या बेपर्वाईजवळ जाऊन पोंचते. इ. स. ४०३ मध्यें अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याच्या पुढाकारानें भरलेल्या सभेनें त्याला पदच्युत केलें. लोकांच्या आग्रहामुळें तो थोड्याच दिवसांत परत आला. पण बादशहाची राणी युडॉक्सिया हिचा रुप्याचा पुतळा मंदिराजवळ उभारतांना जो गोंगाट झाला त्याचा त्यानें निषेध केला, आणि इ. स. ४०४ च्या जूनमध्यें त्याला कायमचें हद्दपार करण्यांत आलें. त्याच्यासाठीं रडणारे हजारों होते. त्यांचें प्रेम त्याला वांचवूं शकलें नाहीं. आर्मेनियाच्या डोंगरांतून तो मित्रांना पत्रें लिहीत राहिला. तेथूनही त्याला आणखी दूर नेत असतां इ. स. ४०७ च्या सप्टेंबर महिन्याच्या १४ व्या तारखेस कोमाना गांवाजवळ त्याला मृत्यु आला. सर्व गोष्टींबद्दल देवाचें स्तवन करीत त्यानें प्राण सोडला, असें त्याचा चरित्रकार सांगतो. तेथें टाळ्या वाजविणारें कोणी नव्हतें. ३१ वर्षांनीं, इ. स. ४३८ मध्यें, त्याच्या अस्थि मोठ्या सन्मानानें राजधानींत आणण्यांत आल्या. पण तो मान त्याला कळण्याच्या पलीकडे तो गेला होता.

कीर्तीचा लोभ ओळखण्याच्या खुणा

या दोन चरित्रांवरून व पवित्र शास्त्रावरून कांहीं खुणा काढतां येतात.

पहिली खूण : कोणी पाहत नसतां आपलें काम तसेंच होतें काय? आजाऱ्याच्या झोंपडींतील प्रार्थना ही भरलेल्या मंदिरांतील प्रार्थनेइतकीच मनापासून होते काय?

दुसरी खूण : दुसऱ्याची स्तुति झाली असतां आनंद होतो काय? सारे लोक आतां येशूकडे जात आहेत, अशी तक्रार शिष्यांनीं केली तेव्हां बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला, नवऱ्या मुलाच्या मित्राला लग्नांत व्हावा तसा हर्ष झाला. या मोहावरील हें सर्वांत प्रभावी औषध होय.

तिसरी खूण : आपल्या बोलण्यांतून काय गळालें आहे? वक्ता कोणत्या पापाविषयीं बोलतो हें पाहण्यापेक्षां, आपल्या श्रोत्यांपैकीं बलवान लोकांच्या कोणत्या पापाविषयीं तो बोलेनासा झाला आहे, हें पाहावें.

चौथी खूण : चूक पदरांत घातली असतां मनांत प्रथम काय येतें? शौल राजाला शमुवेल संदेष्ट्यानें त्याचें पाप दाखविलें तेव्हां त्यानें पाप कबूल केलें खरें. पण लागलीच विनंती केली कीं, वडील जनांच्या देखत माझा मान राख. देवाची क्षमा मिळेल कीं नाहीं यापेक्षां लोकांपुढें शोभा होऊं नये, ही चिंता त्याला मोठी वाटली.

एका भ्रमापासून मात्र सावध राहिलें पाहिजे. मला कोणाच्या स्तुतीची पर्वा नाहीं, असें म्हणून जो उपदेशाची तयारी करीत नाहीं, कठोर बोलतो, किंवा कोणाचा सल्ला ऐकत नाहीं, तो या मोहांतून सुटला असें समजूं नये. आळस व उर्मटपणा यांनाही वैराग्याचा झगा घालतां येतो. तयारी लोकांसाठीं पूर्ण करावी, आणि निकाल देवाकडे सोपवावा, हाच मध्यम मार्ग होय.

ऐकणाऱ्यांचें कर्तव्य

करिंथ येथील मंडळींत मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, असे तट पडले होते, व त्याबद्दल प्रेषित पौलानें त्यांना फार कडक शब्द लिहिले. आपणही उपासनेहून घरीं परततांना आजचें प्रवचन कसें झालें, अमक्याची वाणी कशी, तमक्याचा आवाज कसा, एवढेंच बोलतों काय? मग आपणही प्रेक्षकच आहों. उपदेशकाचे आभार मानूं नयेत असें नाहीं. श्रमणाऱ्याला उत्तेजनाचा शब्द पाहिजेच. परंतु आपण फार छान बोललां, असें म्हणण्यापेक्षां, आपण सांगितल्यावरून मीं भावाशीं समेट केला, हें सांगितलें तर त्याला त्याचें खरें फळ दिसतें. फळ दिसूं लागलें कीं वाहवेची भूक आपोआप मंद होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या लहानशा जगांतही हा मोह आहे. वक्तृत्वाच्या चढाओढी होतात, बक्षीससमारंभ होतात, प्रार्थनासभेंत मोठ्यानें प्रार्थना करावयास तुम्हांस सांगतात. बक्षीस मिळालें तर आनंदानें घ्या. तो श्रमांचा मान आहे. मात्र बक्षीस बंद झालें तर तुम्ही तोच अभ्यास कराल काय, हा प्रश्न स्वतःस विचारा. आणि आईबापांस आमची विनंती अशी कीं, मुलाला बक्षीस मिळाल्याच्या दिवशीं त्याचें कौतुक करालच; पण ज्या दिवशीं त्यानें कोणाला न सांगतां एखाद्या दुबळ्या सोबत्याला मदत केली, त्या दिवशींही त्याला जवळ घ्या. मुलें ज्याची वाखाणणी घरांत ऐकतात त्याच्याच मागें जन्मभर धांवतात.

सर्व कांहीं गुप्त रीतीनें पाहणारा जो पिता, त्याच्या दृष्टीखालीं काम करण्याची संवय ज्याला लहानपणींच लागली, त्याला पुढें हजारोंच्या सभेंत उभें राहावें लागलें तरी भय नाहीं. आणि त्याच्याकडे कोणीच पाहिलें नाहीं तरी त्याचें कांहीं हरवत नाहीं.

घरीं विचार करण्यासाठीं प्रश्न

१. मत्तय, अध्याय ६ वा, यांतील दानधर्म, प्रार्थना व उपास यांविषयींचे इशारे वाचून तिन्हींत समान काय आहे तें लिहा.

२. समोसाटचा पौल व सुवर्णमुखी योहान या दोघांच्याही उपदेशाला टाळ्या पडत. मग त्या दोघांत भेद कोणता?

३. युट्रोपिअसाला आश्रय दिल्यानें योहानाला काय गमवावें लागलें असतें? त्याच्या जागीं तुम्ही असतां तर काय केलें असतें?

४. मागल्या रविवारीं ऐकलेल्या उपदेशांतील कोणती एक गोष्ट या आठवड्यांत तुमच्या हातून घडली?